पुरावा येईपर्यंत

खोलीवर राहायला आलो त्या संध्याकाळी मी सरांना चहा करून दिला आणि विचारलं, "कसा झालाय?" त्यांनी एक घोट घेतला, पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या घोटापर्यंत चांगला आहे."

मला वाटलं, माणूस विनोदी दिसतो, बरं झालं. दुसरा घोट घेऊन ते म्हणाले, "याही घोटापर्यंत." असं करत करत त्यांनी कप संपवला, बशीत सांडलेलाही पिऊन घेतला आणि मग समाधानानं सांगितलं, "आता मात्र बोलता येईल. चहा चांगला होता." तोवर माझा चहा गार झाला होता. भाडं वाचवायला आपण कुणाबरोबर खोली वाटून घेतलीय, हे मला तेव्हा कळायला लागलं.

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघं बरोबरच लागलो. मी भूगोलाचा. भूगोल हा सज्जन विषय आहे. नद्या आपापल्या जागी असतात, डोंगर उलटून प्रश्न विचारत नाहीत. सर तर्कशास्त्राचे. माझी बायको-मुलं जालन्याला, त्यामुळे मी शनिवारी दुपारची एसटी धरायचो आणि रविवारी संध्याकाळी परतायचो. सरांना जायला कुठलं गाव नव्हतं. आई-वडील गेलेले, भाऊबंद पांगलेले आणि स्वतः चाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे. उंच, किरकोळ अंगाचा माणूस, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं आणि खिशाला बारमाही खडूचा डाग.

रोज सकाळी ते बूट उलटा करून आपटायचे, विंचू असेल म्हणून. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो सर, इतक्या दिवसांत एक तरी निघाला का?"

"नाही निघाला. पण आजवर नाही निघाला, एवढ्यावरून आज निघणार नाही असं कुठं आहे?"

"मग आपटत बसा जन्मभर," असं म्हणून मी माझ्या बुटात पाय घातला आणि ओरडलो. विंचू माझ्या बुटात होता. सरांनी मला पाठीवर टाकून नेऊन रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, रात्रभर उशाशी बसले, सगळं केलं. पण माझा पाय ठणकत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

एसटीचंही तसंच. परतूरला जाणारी सकाळची गाडी उशिरा येते हे अख्ख्या आष्टीला ठाऊक. बरेच महिने निरखून सरांनीही तसा नियम काढला, कच्चा म्हणून काढला, पण काढला. मग बोर्डाच्या परीक्षेच्या कामाला जायचं होतं त्या दिवशी ते नियमाप्रमाणे सावकाश निघाले आणि गाडी नेमकी वेळेवर येऊन निघून गेली होती. मी पोहोचलो तेव्हा सर रिकाम्या स्टँडवर एकटे टाळ्या वाजवत उभे होते. "सापडलं! विरुद्ध उदाहरण सापडलं!" स्टँडवरच्या पानवाल्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तरला घरी कुणी हाय का बघायला?"

न्हाई, म्हणालो मी. तेच तर दुखणं होतं.

आता त्यांच्या वर्गाबद्दल सांगितलं पाहिजे. तर्कशास्त्रात विगमन आणि निगमन असे दोन प्रकार असतात. मुलं वर्षभर एकाच्या जागी दुसरं लिहितात आणि बाकीचे मास्तर व्याख्या पाठ करून घेतात. सरांनी व्याख्या सांगायच्या आधी वर्ग उठवला आणि आठवडी बाजारात नेला. मीही गेलो, कारण माझा तास त्यांनी न विचारता घेतला होता.

एक म्हातारे बाबा मोसंब्यांची पाटी घेऊन बसले होते. सर समोर उकिडवे बसले. "गोड आहेत का?"

"समद्या गोड."

मुलांनी एकदम श्वास रोखला. का ते पुढे सांगतो. सर म्हणाले, "सगळ्या? सगळ्या चाखल्यात तुम्ही?"

"मास्तर, समद्या चाखल्यावर विकू काय? सालटं?"

सरांनी एक मोसंबी सोलायला लावली. वर्गानं चाखली. गोड. दुसरी. गोड. तिसरीही गोड. सर मुलांना सांगत होते, "बघा, हे विगमन. एक-एक उदाहरण बघत बघत आपण नियमाकडे चाललोय. नियम जवळ आलाय, पण खात्री? खात्री नाही." बाबांचे डोळे बारीक होत चालले होते. अर्धी पाटी होत आली तेव्हा एक मोसंबी अशी निघाली की चाखणाऱ्या मुलाचा एक डोळा बराच वेळ उघडेना. सर आनंदानं उभेच राहिले. बाबाही उभे राहिले.

"खर्चा कोन देनार?"

सरांना पाटीच्या पाटी घ्यावी लागली. मग तिथंच भर बाजारात ती पाटी डोक्यावर घेऊन त्यांनी दुसरा धडा शिकवला. "या पाटीतली प्रत्येक मोसंबी आपण विकत घेतली. हा झाला नियम. ही मोसंबी या पाटीतली आहे. मग ही कुणाची?"

"आपली!"

"चाखून बघायची गरज आहे?"

"न्हाई!"

"हे निगमन. नियम पक्का असला की डोळे मिटून खात्री." एवढं सांगून ते पाटीसकट खोलीवर आले. पुढे कित्येक दिवस आम्ही मोसंबी खाल्ली, मोसंबी प्यायलो आणि तिच्या सालींच्या वासात झोपलो. पण एक कबूल करतो, त्या वर्गातल्या एकाही मुलानं परीक्षेत विगमन आणि निगमन यांची अदलाबदल केली नाही. सरांना मात्र हे वाक्य मी ऐकवलं की ते लगेच विचारायचे, "सगळे पेपर पाहिलेत?"

मुलांनी श्वास का रोखला, ते आता. सरांच्या फळ्याच्या कोपऱ्यात चार शब्द वर्षभर चौकटीत लिहिलेले असत. सगळे, नेहमी, कधीच, कायम. हे शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत. वापरले तर मागे जाऊन उभं राहायचं. किती वेळ? तर पुरावा येईपर्यंत. पुरावा आला की बसायचं. नियम साधा होता आणि सगळ्यांना सारखा होता. रूपाली नावाची एक चुणचुणीत मुलगी एकदा म्हणून गेली, "सर, मी कधीच उशिरा येत न्हाई." झालं. ती मागं उभी. हजेरी तपासून, शिपाईमामांची साक्ष काढून, शेवटी तिच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला बोलावून आणलं, तेव्हा कुठं ती बसली. बसताना तिनं सरांकडं असं पाहिलं की मी म्हणालो, ही पोरगी हे विसरणार नाही.

तर असा हा माणूस आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. आमची ओळख होण्याआधी दोनदा बघण्याचे कार्यक्रम झाले होते. पहिल्या ठिकाणी पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी पसंत आहे का?" सर म्हणाले, "एकाच उदाहरणावरून सांगणं कठीण आहे. आणखी काही मुली पाहाव्या लागतील." दुसऱ्या ठिकाणी काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्या गावावरून गाडी जायची तेव्हा ते खिडकीतून डोकं आत घ्यायचे.

हसू येतं, पण मला त्यांची काळजीही वाटायची. दर रविवारी संध्याकाळी मी जालन्याहून उतरायचो, तेव्हा सर स्टँडवर उभे असायचे. "गाडीची वेळ तपासायला आलो होतो," म्हणायचे आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायचे. पिशवीत माझ्या बायकोनं दिलेला डबा असायचा. गाडी वेळेवर असो नसो, सर असायचेच. कुणीतरी यावं, याची वाट बघणारा माणूस मला ओळखू येतो. त्याला तर्कशास्त्र लागत नाही.

शेवटी माझ्या बायकोच्या मावशीनं पिंपळगाव रेणुकाईचं एक स्थळ काढलं. मुलगी पस्तिशीची, भोकरदनला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी, बोलायला खणखणीत. तिचंही जमत नव्हतं, कारण ती आलेल्या मुलांना प्रश्न विचारायची. मावशी फोनवर म्हणाली, "जावईबापू, हे जर मोडलं ना, तर मी पुन्हा तुमच्या सराचं नाव काढणार न्हाई. पाहुणे आधी चौकशीला येणारेत. गावात जरा बराबर सांगून ठेवा."

चौकशी म्हणजे काय, ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मुलीकडचे दोघंजण गुपचूप मुलाच्या गावी येतात, चौकातल्या हॉटेलात चहा पितात आणि तिथं बसलेल्यांना सहज विचारल्यासारखं विचारतात. त्या एका चहावर माणसाचा संसार ठरतो. म्हणून मी पाहुणे यायच्या दिवशी वर्गातली दोन भली मुलं, दत्ता आणि आरेफ, हॉटेलात नेऊन बसवली. म्हणालो, "सरांबद्दल कुणी विचारलं तर चांगलं सांगायचं. कळलं?"

"कळलं सर," दत्ता म्हणाला. "चांगलंच हाय की त्याइचं."

मी मागच्या बाकड्यावर पेपर तोंडासमोर धरून बसलो. मुलीचे वडील आणि मामा आले. मामांनी चहा मागवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे पोरांनो, तुमचे ते तर्कशास्त्राचे सर कसे हाइत?"

दत्तानं विचार केला. "कोनत्या टायमाचे?"

"म्हंजे?"

"म्हंजे आमी त्याइला फक्त तासाला बघतो. तेवढ्या टायमात लई चांगले हाइत. बाकीच्या टायमाचा आमच्याकडं पुरावा न्हाई."

मी पेपरच्या मागून खाकरलो. वडील पुढं सरकले. "रागीट हाइत का?"

"आजपर्यंत तर न्हाई," आरेफ म्हणाला. "उद्याचं कसं सांगू?"

"बरं, पीत-बीत?"

"आमच्यासमोर कदी पिले न्हाई." मी सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच आरेफ पुढं बोलला, "पर काका, आमच्यासमोर पिले न्हाई, येवढ्यावरून पीतच न्हाई असं निघत न्हाई ना. आता हे मामा बी आत्ता पिऊन न्हाई राह्यले. त्याच्यावरून काय धरायचं?"

मामांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. मामांचं जे काही होतं, ते वडिलांना ठाऊक असावं, कारण ते एकदम दुसरीकडं बघायला लागले.

"येकच सांगा," वडील जरा चढ्या आवाजात म्हणाले, "मानूस चांगला हाय का न्हाई?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दत्ता हात जोडून म्हणाला, "काका, तुमी मुलगी द्यायला आलेले दिसता. आमच्या सरावर आमचा लई जीव हाय. म्हनून तुमाला अंदाजपंचे सांगायला आमचं मन होईना. बघितलं तेवढं चांगलं हाय. बिलकुल चांगलं हाय. पर सगळं बघितलं न्हाई."

पाहुणे उठून गेले. मी पेपर खाली ठेवला आणि त्या दोघांना जे काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आरेफला कळेनाच. "पर सर, आमी बराबरच बोललो ना?" त्यांची चूक दाखवावी तर सापडेना, त्यामुळे मला आणखीच राग आला.

खोलीवर येऊन मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी कपाळाला हात लावतील. सर म्हणाले, "'एवढ्यावरून निघत नाही' असं म्हणाला आरेफ? स्वतःहून?" आणि त्यांचे डोळे भरून आले. नंतर मात्र दिवा घालवल्यावर ते हळूच म्हणाले, "मावशींना सांगा, तसदी दिली." त्यांचा आवाज असा पडला होता की मी झोपल्याचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला. मावशी म्हणाली, "जावईबापू, सराला घेऊन या. पोरीनं बोलावलंय."

झालं होतं असं की, वडील घरी जाऊन चिडून म्हणाले, 'त्या सराची पोरंच त्याची खात्री देईनात.' पोरगी ताटावरून उठली. म्हणाली, 'बाबा, आमच्या लॅबमधी बी सँपल तपासल्याबिगर रिपोर्ट देत न्हाईत. आतापर्यंत आलेल्या समद्या मुलांची चौकशी सोन्यासारखीच आली होती ना? काय निघालं त्याच्यातून? हा मानूस मला बघायचाय.'

पिंपळगावला आम्ही गेलो. पोहे आले. मावशीनं हौसेनं विचारलं, "पोहे कसे झालेत?" आणि मी डोळे मिटले. "या घासापर्यंत छान," सर म्हणाले. आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग ती स्वतःच बाहेर येऊन समोर बसली आणि पदर-बिदर सावरायच्या भानगडीत न पडता म्हणाली, "बोट द्या."

सरांनी बोट पुढं केलं. तिनं पर्समधून कापूस, सुई आणि काचपट्टी काढली, टोचलं आणि काचेवर थेंब घेतला. मामा उठून बाहेर गेले. सरांचा चेहरा मात्र उजळला होता. "एका थेंबावरून अख्ख्या माणसाचं सांगता?" त्यांनी विचारलं. "हे तर विगमन!"

"रक्ताचं सांगते. मानसाचं न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "मानसाचं तुमी सांगा. मला कायम नीट वागवाल का?"

कायम. चौकटीतला शब्द. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, म्हणजे 'हो म्हणा' असा दाबला.

"मागचा पुरावा माझ्याकडे नाही," सर म्हणाले, "कारण मागं बायको नव्हती. त्यामुळे विगमनानं जमत नाही. निगमनानं बघावं, तर सगळे नवरे नीट वागतात असा नियम हवा."

"तसा न्हाई," मावशी लगेच म्हणाली. आतल्या खोलीतल्या बायकांनीही दुजोरा दिला.

"नाही ना," सर म्हणाले. मग बराच वेळ ते बोटावरचा कापूस दाबत बसले. वडील माझ्याकडं बघत होते, मी पोह्यांकडं. हा माणूस आता इथून एकटा परत जाणार आणि पुढचा जन्मभर एसटीच्या वेळा तपासत बसणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं. आणि सर म्हणाले, "पण कायम."

"कशावरून?" तिनं विचारलं.

"कशावरूनच नाही. तरीपण कायम."

ती त्यांच्याकडं पाहत राहिली. मग काच उचलून, वडिलांकडं न बघताच तिनं सांगितलं, "बाबा, मला पसंत हाय. तारीख काढा जल्दी."

परतीच्या गाडीत सर बोटावरचा कापूस तसाच धरून बसले होते. मी मात्र पोहोचताक्षणी स्टाफरूममध्ये सगळं रंगवून सांगितलं. स्टाफरूममध्ये सांगितलेलं वर्गात पोहोचायला आमच्याकडं मधली सुट्टीही लागत नाही. दुसऱ्या दिवशी सर वर्गात शिरले आणि खुर्चीवर बसणार, तोच रूपाली उठली. मी शेजारच्या वर्गातून हे बघायला मुद्दाम दारात आलो होतो.

"सर, तुमी 'कायम' म्हणालात म्हणं?"

"हो."

"पुरावा हाय?"

सर हसले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग हजेरीपट टेबलावर ठेवला, वर्गाच्या मागं गेले आणि भिंतीशी उभे राहिले. तिथूनच त्यांनी सगळा तास शिकवला आणि मुलांनी मान मागं वळवून वळवून ऐकला. तास संपल्यावर रूपालीच कळवळून म्हणाली, "सर, आता बसा की." सर म्हणाले, "पुरावा आला का?"

पुढे माझी बदली झाली, मुलं पांगली. रूपाली आता अंबडकडं एका शाळेत शिकवते आणि तिच्याही फळ्याला चौकट आहे म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात परतूरला काम निघालं, म्हणून मी आष्टीला सरांकडं गेलो. दार वहिनींनी उघडलं. सर कॉलेजात होते. वहिनींनी चहा दिला, स्वतःही घेतला. संसार कसा चाललाय, असं मी विचारणार होतो, पण घरात शिरल्यापासून जे दिसत होतं, त्यानंतर विचारायची गरज उरली नव्हती. दाराशी दोघांच्या बूट-चपला उलट्या करून ठेवलेल्या होत्या आणि वहिनींची एक चप्पल शिवलेली होती, टाक्यांवर खडूचे पांढरे डाग होते.

"वर्गात बसतात का हो आता ते?" मी विचारलं.

वहिनी हसल्या. "मीच म्हणाले एकदा. भावजी, पाय दुखतात त्यांचे, संध्याकाळी मी तेल लावते. म्हणलं, एवढी वर्षं झाली, मी देते ना लिहून, बसा आता. तर म्हणाले, एवढ्यावरून निघत न्हाई."

मी कॉलेजात गेलो. वर्गाच्या खिडकीतून आत पाहिलं. खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा होता आणि त्यावर धूळ होती. सर मागच्या भिंतीशी उभे होते, पाठ टेकलेली, हातात खडू. केस पांढरे झाले होते. नवीन मुलं मान वळवून ऐकत होती. त्यांना कदाचित वाटत असेल, तर्कशास्त्र असंच शिकवतात.